आगबोटीवरील दर्जे आणि एकत्र कुटुंब

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडीचा नाका लागतो व तेथून एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो. या टापूतील माणसास घराच्या ओटीवरून समुद्र दिसत नाही. पण तो त्यास परकाही नाही. कल्याण-भिवंडी १६५७ साली शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराचा आरंभ याच खाड्यांच्या काठी झाला, हे आपण मुलांस कौतुकाने सांगतो. त्याच कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा ब्राह्मणाने, त्यातून ब्राह्मण स्त्रीने, समुद्र ओलांडावा की नाही यावर केवढे काहूर उठले होते! आज तो वाद कोणाच्या ध्यानीमनीही नाही. समुद्रावर जावे की न जावे हा प्रश्न मिटला. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला आहे, तो असा की, घरातली बावीस माणसे एकाच बोटीवर निघाली, तर कोणी कोणत्या दर्जाच्या खोलीत राहावे?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरांत तो एकदा उपस्थित झाला आहे, तेथील जाऊबाईंना विचारावे. अंबाडीच्या पंचक्रोशीत शोभेल असे एक घर आपण डोळ्यांसमोर धरू. मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन आले आहे. थोरले चिरंजीव गावीच शेती पाहतात. मातोश्रींचे दुखणेखुपणे, रात्रीचे उठणे-बसणे सर्व त्यांच्याकडे व थोरल्या सूनबाईंकडे. मधले पुण्यास पेढीवर मोठ्या हुद्द्यावर, धाकटे अमेरिकेत, कन्या डोंबिवलीस. शिवाय गतभर्तृका आत्याबाई, नातवंडे, नातसून व तिचे तान्हे. धाकट्यांनी हौसेने सुचविले की, या निमित्ताने सर्वांनी मुंबईहून आगबोटीने चार दिवस फिरून यावे. सर्वांस ते पटले. मग दरपत्रक आले, आणि घर तीन दर्जांत विभागले गेले: धाकट्यांसाठी सज्जा असलेले प्रशस्त दालन, मधल्यांसाठी व कन्येसाठी समुद्राकडे खिडकी असलेल्या खोल्या, आणि थोरल्यांसाठी आतल्या, बिनखिडकीच्या खोल्या. कोणी कोणास काही बोलले नाही. न बोलण्यातच सर्व आले.

आपल्या वाडवडिलांस ही अडचण फारशी पडली नसावी. कोकण किनाऱ्याच्या जुन्या आगबोटींवरही दर्जे होतेच. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले असे थांबे घेत बोट पणजीपर्यंत जाई. केबिनमध्ये साहेबलोक, बडे वकील, व्यापारी असत. बाकी सारे कोकण डेकवर. भाऊच्या धक्क्यावर शिडी लागली रे लागली की धावत जाऊन सतरंजी वा वळकटी पसरायची आणि तेवढी जागा घराची म्हणून राखायची, अशी रीत होती. त्या एका सतरंजीवर आजोबांपासून कडेवरच्या मुलापर्यंत सारे मावत. धक्का नसलेल्या बंदरात बोट दूर उभी राही व पडावातून उतरावे लागे. तेथेही घर एकत्रच भिजे. त्या प्रवासास सुखाचा म्हणणे धाडसाचे होईल. डेकवरच्या वांत्या, कोळशाचा धूर आणि सामानाची रेटारेटी यांची आठवण सांगणारी माणसे अजून भेटतात. परंतु कोण कोठे निजणार हे खिशाने ठरत नसे, निदान एका घरातल्या एका घरात तरी नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही वाहतूक बंद पडली.

त्यानंतर समुद्रप्रवास परत आला तो सहलीच्या रूपाने. २०१८ सालच्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही बोट सुरू झाली. तीवर सामाईक शयनगृहापासून कुटुंबाच्या खोलीपर्यंत अनेक प्रकार होते. २०२१ सालच्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ आली. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, २११ मीटर लांबीची व सुमारे अठराशे उतारू घेणारी ही बोट म्हणजे एक तरंगते गावच. तिच्यावरही आतली खोली, खिडकीची खोली आणि वरचढ दालने अशी चढती भांजणी आहे. मात्र जुन्या बोटींहून येथे एक मोठा फरक आहे, तो ध्यानात घ्यावा. जुन्या बोटीवर दर्जा म्हणजे सारा प्रवासच वेगळा: बसणे वेगळे, खाणे वेगळे, शौचकूपही वेगळे. आजच्या बोटीवर वरचे मोकळे डेक, मुख्य भोजनगृह, नाटकघर, पोहण्याचा तलाव ही बहुतांशी सर्वांस सारखीच खुली असतात. दर्जा उरतो तो मुख्यतः खोलीपुरता, आणि बोटीवर चढण्याच्या घटकेपुरता.

ही चढण्याची घटकाच खरी कसोटीची. महाग खोलीवाल्यांस वेगळी व लहान रांग, त्यांच्यासाठी वेगळा कक्ष, आधी प्रवेश, अशी सवलत अनेक बोटींवर असते. कंपनीच्या दृष्टीने त्यात गैर नाही. तिने पैसे घेतले, ती मान देते. परंतु धाकटे चिरंजीव मुलांसह त्या रांगेतून पाच मिनिटांत वर गेले आणि थोरले बंधू मातोश्रींची चाकाची खुर्ची ढकलीत तासभर दुसऱ्या रांगेत राहिले, तर तो तास पुढे कित्येक दिवाळ्यांस पुरतो. मातोश्रींस तेवढे आपल्यासोबत आधी नेतो असे धाकट्यांनी म्हटले, तर आणखीच वाईट. कारण वर्षभर ज्यांनी सेवा केली ते मागे राहिले आणि चार दिवसांचा पाहुणा पुढे झाला. माझे मत स्पष्ट आहे: ज्या घरात एकही आतल्या खोलीचे तिकीट आहे, त्या घराने सगळ्यांनी मिळून साध्याच रांगेत उभे राहावे. चाकाची खुर्ची लागत असल्यास ते तिकीट काढतानाच कळवावे. खुर्चीसाठी मिळणारी मदत वयाची असते, पैशाची नसते, आणि तिचे कोणास वैषम्य वाटत नाही.

खोल्यांच्या वाटणीबद्दल आता थोडे शास्त्र पाहू, कारण या बाबतीत दरपत्रक आपली चक्क दिशाभूल करते. बोट लाटांवर डोलते ती झोपाळ्याच्या फळीसारखी नव्हे, तर मधोमध टेकविलेल्या फळीसारखी: टोके वरखाली होतात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. तसेच कडेने झोके घेताना जितके उंच जावे तितका झोका मोठा. म्हणजे ज्यास बोट लागते त्याने खालच्या मजल्यावरील मधली खोली घ्यावी. आणि नेमकी तीच पुष्कळदा स्वस्त असते! उंचावरच्या सज्जाच्या दालनात समुद्र सुरेख दिसतो खरा, पण वारा सुटला म्हणजे पोटातील ढवळणेही तेथेच अधिक. तेव्हा नाजूक प्रकृतीच्या मातोश्रींस ‘मान म्हणून’ सर्वांत वरच्या दालनात नेऊन ठेवणे हा मान त्यांस महागात पडू शकतो. उलट आतल्या खोलीत दिवा मालविला की दिवसरात्र कळत नाही. पहाटे उठून सूर्यदर्शन घेणाऱ्या वृद्धेस ते कोंडल्यासारखे वाटेल. म्हणून त्यांच्यासाठी मधल्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यभागाजवळची व उद्वाहकाशेजारची खिडकीची खोली हीच उत्तम. त्यांच्याबरोबर कोणी राहावे? रात्री त्या ज्यांस हाक मारतात त्यांनी. घरी त्या थोरल्या सूनबाईंस हाक मारीत असतील, तर थोरल्या सूनबाईंनी. हे ठरविण्यास दरपत्रक लागत नाही.

तिघा-चौघांच्या खोलीत वरच्या पलंग्या भिंतीतून उघडतात व शिडीने चढावे लागते. त्या बारा-चौदा वर्षांच्या मुलांस स्वर्गासारख्या आणि आत्याबाईंस अशक्य. आतल्या खोल्या मोठ्या नातवंडांस दिल्या तर ती रुसत नाहीत. ती झोपण्यापुरतीच तेथे जातात. तान्ह्याच्या बाबतीत मात्र नियम आधी विचारावा: सहा महिन्यांच्या आतील मूल बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि चोवीस आठवड्यांपुढील गर्भवतीसही नाकारतात. नातसुनेची अशी काही बातमी असेल तर ती पैसे भरण्यापूर्वी घरात कळलेली बरी, धक्क्यावर नव्हे.

येथवर येऊनही मुख्य गाठ सुटत नाही: पैसे कोणी किती भरावे? भाडे माणशी असते, ते खोलीच्या दर्जावर ठरते, आणि त्याच खोलीतील तिसऱ्या-चौथ्या माणसास पुष्कळदा कमी पडते. ज्याने त्याने आपापले भरावे हा व्यवहार सरळ दिसतो. पण त्यात थोरल्यांनी आपल्या ऐपतीची आतली खोली घेतली की मातोश्री कोठे, हा पेच उरतोच. आपल्या जुन्या घरांत माजघर, माडी, बाळंतिणीची खोली यांची वाटणी वडीलधारी बाई करी, आणि ती करताना कोणाची प्राप्ती किती हे पाहत नसे. दमेकऱ्यास वाऱ्याची जागा, बाळंतिणीस उबेची, विद्यार्थ्यास दिव्याजवळची. बोटीवरही तेच करता येते. प्रत्येकाने झेपेल ते सामाईक खात्यात गुपचूप टाकावे, एकानेच हिशेब ठेवावा, आणि खोल्या गरजेने वाटाव्या. धाकट्यांस सज्जा हवाच असेल तर त्यांनी तो वेगळा पैसा देऊन खुशाल घ्यावा. परदेशातून वर्षांनी येणाऱ्या माणसाची हौस दाबण्यात काही पुरुषार्थ नाही. पण मातोश्रींची खोली ही कोणा एकाची देणगी असू नये, ती सर्वांची असावी.

एवढे ठरले की तिकिटे एकाच वेळी, एकाच दलालामार्फत काढावी व सर्व नोंदी परस्परांशी जोडून घ्याव्या. नाहीतर जेवणाची वेळ एका खोलीस एक व दुसरीस दुसरी मिळते. ‘खोलीचा क्रमांक मागाहून देऊ’ अशा सवलतीच्या तिकिटांपासून मोठ्या कुटुंबाने दूर राहावे. चार पैसे वाचतात, पण आत्याबाई पुढच्या टोकास आणि तुम्ही मागच्या.

याचे कारण केवळ सोयीचे नाही. संकटसमयी उतारूंनी कोठे जमावे ती जागा बहुधा खोलीवरून ठरते व प्रत्येकाच्या कार्डावर छापलेली असते. दर्जा आणि जीव यांचा संबंध जगाने एकदा पाहिला आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा पहिल्या वर्गातील शंभरांमागे सुमारे साठ उतारू वाचले, तिसऱ्या वर्गातील सुमारे पंचवीस. बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे होती आणि होड्यांत जागा ११७८ जणांपुरती. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडचे दुःख याहून जवळचे: १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातील घरांत ते नाव अजूनही हलक्या आवाजात घेतात. २०१२ सालच्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ जण मेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंचा संकटाचा सराव तोवर झालाच नव्हता. तेव्हा नियम बदलला. २०१५ पासून हा सराव बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे.

त्या सरावास आपली मंडळी फार हसण्यावारी नेतात. तसे करू नये. आईबापांची जमण्याची जागा एक व मुलांची दुसरी असेल, तर ते त्याच वेळी अधिकाऱ्यास सांगून जुळवून घ्यावे. खोलीत विसरलेल्या मुलास आणावयास उलट्या गर्दीत धावणे यासारखा धोका नाही. किनारा दूर गेला की भ्रमणध्वनीही मुका होतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ घराने कोठे भेटावयाचे ते एक ठिकाण पहिल्याच दिवशी नेमून टाकावे.

सहस्रचंद्रदर्शनाचा धार्मिक विधी घरी उरकूनच निघावे. बोटीवर समई, निरांजन, उदबत्ती यांस बंदी असते, कारण समुद्रात आगीइतके कशाचेच भय नाही. तेव्हा औक्षण करावयाचेच असेल तर नुसत्या सुपारी-अंगठीने ओवाळावे. लाडू-चिवड्याचे डबेही तपासणीत अडतात.

निघण्याच्या दिवशी अंबाडीहून सर्वांनी एकाच मोठ्या गाडीने निघावे. पुणेकर व डोंबिवलीकर मंडळींनी आदल्या रात्रीच गावी मुक्कामास यावे. भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे, पुढे गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग आणि मग ठाण्याची कोंडी. बॅलार्ड पियरपर्यंतचे साठ-सत्तर किलोमीटर किती वेळ खातील ते सांगता येत नाही. तेव्हा चार तास हाताशी धरावे. मोठ्या पेट्या धक्क्यावर चिठ्ठी लावून दिल्या की त्या परस्पर खोलीत पोहोचतात, पण कधी रात्र होते. म्हणून मातोश्रींची औषधे, चष्मा, एक नेसूचे पातळ आणि सर्वांची अस्सल ओळखपत्रे एका पिशवीत घालावी, व ती पिशवी थोरल्या सूनबाईंच्या खांद्यास असावी.