वय बसत नाही

मे सरत आला की आमच्या ढाणकी गावात निरोप समारंभांची गर्दी होते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख अंदाजानं 1 जून लिहिली, ते सगळे कागदोपत्री एकाच दिवशी अठ्ठावन्न पूर्ण करतात आणि 31 मेला घरी बसतात. यंदा आमच्या गल्लीतले गुरुजी बसले. त्यांचं खरं वय त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं.

वडिलांच्या पिढीचं फार सांगण्यासारखं नाही. मॅट्रिक झालेला मास्तर किंवा तलाठी व्हायचा, नाहीतर पोफाळीच्या वसंत साखर कारखान्यात चिटबॉय. पुढे कारखानाही काही वर्षं बंद पडला.

आमचं दशक 2000 नंतरचं. कापसानं घरं बसवली होती आणि बारावीला बरे टक्के पडलेल्या प्रत्येक पोराला एकच सल्ला मिळायचा: डी.एड. कर. खासगी विद्यालयं भराभर निघाली. डोनेशनसाठी कुणी एकर विकलं, कुणी बैलजोडी. डी.एड. झालेल्या मुलीला हुंड्यात सूट मिळायची, हे आज सांगतानाही लाज वाटते. आधी पास झालेले शिक्षणसेवक म्हणून लागले. तीन वर्षं तुटपुंजं मानधन, मग कायम. आमच्यासाठी जागा 'निघणार' होत्या. सल्ला देणारे पुढारी आणि संस्थाचालक तेव्हा दर सभेत हेच सांगत. त्यांच्या इमारती आजही उभ्या आहेत, त्यांत आता दुसरेच कोर्स चालतात.

मे 2012 मध्ये शिक्षक भरती बंद झाली. 2013 मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, 2017 च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल. भरती थांबली होती, वय थांबलं नव्हतं. 2016 मध्ये सरकारनं नोकरीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 33 वरून 38 आणि मागासवर्गीयांना 43 केली. पेढे वाटले आम्ही! मर्यादा वाढवायला तिजोरी उघडावी लागत नाही, हे पेढे संपल्यावर कळलं.

खरं झोंबलं ते जुलै 2023 मध्ये. रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्या, महिना 20 हजार द्या, वय सत्तरपर्यंत चालेल, असा आदेश निघाला. म्हणजे अठ्ठावन्नला थकलेला माणूस पासष्टीत पुन्हा ताजा, आणि चाळिशीतला डी.एड.वाला बाद. गुरुजींवर राग नाही. पेन्शन असो-नसो, बोलावलं तर कोण नाही म्हणेल? पण आमच्यातला एक कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या मोजतो. गिऱ्हाईक त्याला 'सर' म्हणतात, तेव्हा तो मान वर करत नाही.

आता लागलेल्यांचीही झोप उडाली आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास करायची आहे. माझ्या बाकावरचा मित्र वेळेत लागला होता. वीस वर्षं पोरं शिकवली त्यानं. मी टीईटी पास, बिननोकरीचा. दिवाळीत त्याचा फोन आला, बालमानसशास्त्राच्या माझ्या जुन्या नोट्स आहेत का म्हणून. दिल्या.