डावाच पाय का सुजतो?

आपल्या वस्त्यांत पाय सुजण्याची तक्रार कोणी फारशी मनावर घेत नाही. दिवसभर उभे राहून राबणारी माणसे आपण. संध्याकाळी दोन्ही पाय जड होतात, रात्रीच्या झोपेने उतरतात. अंगात रक्त कमी असेल, मूत्रपिंड किंवा हृदय दुबळे झाले असेल तरी सूज येते. पण तीही बहुधा दोन्ही पायांवर. या लेखात आम्ही वेगळ्याच सुजेकडे लक्ष वेधू इच्छितो. एकच पाय, त्यातही डावा, दोन-चार दिवसांत मांडीपर्यंत सुजतो, ठणकतो, गरम लागतो, लालसर-निळसर दिसतो. बाळंतिणीच्या बाबतीत असे झाले की घरात एकच उपाय निघतो, तेल गरम करा आणि चोळा. हा उपाय जिवावर बेतू शकतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. कचेरीतली कारकुनी सांभाळून वस्तीतल्या आजाऱ्यांना इस्पितळात नेणे, केसपेपर काढून देणे ही कामे करीत आलो आहोत. त्या खेपांमध्ये डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले ते येथे मांडतो.

पायांतले रक्त शिरांवाटे वर हृदयाकडे परत जाते. दोन्ही पायांच्या शिरा बेंबीच्या जरा खाली एकत्र येतात आणि त्यांची एक मोठी शीर होऊन ती पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने वर चढते. उजव्या पायाची शीर तिला सरळ जाऊन मिळते. डावीला मात्र आडवी वाट काढावी लागते, आणि त्या वाटेवर उजव्या पायाकडे जाणारी धमनी तिच्यावरून जाते. वर धमनी, मागे कमरेचा पाचवा मणका आणि मध्ये चेपलेली शीर! पाण्याच्या टँकरच्या नळीवर कोणी पाय देऊन उभा राहावा तसे हे आहे. फरक एवढाच की धमनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला दाबते, जन्मभर दाबते. त्या घर्षणाने शिरेच्या आत पडद्यासारखे पापुद्रे तयार होतात. रक्त तुंबते आणि तुंबलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते.

गुठळ्या डाव्या पायात जास्त होतात ही गोष्ट जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांनी १८५१ सालीच हेरली होती. (हेच विरशॉ १८४८ साली सायलेशियातील साथीचा तपास करायला गेले आणि या साथीचे मूळ गरिबीत व अज्ञानात आहे, लोकांना शिक्षण व लोकशाही द्या, असे सरकारला लिहून आले. असा डॉक्टर आपल्या वाचकांना ठाऊक असावा.) पुढे १९५७ साली ऑस्ट्रियातील मे आणि थर्नर या दोघांनी ४३० मृतदेह तपासले, तेव्हा शंभरांतील सुमारे २२ जणांच्या शिरेत असे पापुद्रे आढळले. म्हणून या विकाराला मे-थर्नर म्हणतात. याचा अर्थ असाही होतो की शीर दबलेली असणारे पुष्कळ लोक काहीही त्रास न होता आयुष्य काढतात. तेव्हा घाबरून जायचे कारण नाही. दबलेल्या शिरेला दुसरे एखादे निमित्त मिळाले की गाडी बिघडते.

ते निमित्त बाईच्या आयुष्यात हमखास येते. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून गरोदरपणी रक्ताची गोठण्याची शक्ती निसर्गतःच वाढते. वाढलेले गर्भाशयही शिरांवर दाब देते. हा धोका बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बराच असतो. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला पाणी बेताने देतात आणि बाजेवर निजवून ठेवतात. सिझेरियन झाले असेल तर ती आणखीच पडून राहते. पाणी भरपूर द्यावे, डॉक्टरांनी परवानगी देताच घरात चालू-फिरू द्यावे. गरोदर कामगार स्त्रीला पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयकाची बाजू मांडली होती. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींच्या वाट्याला ती रजा अजून आलेली नाही. त्या लवकरच कामावर जातात आणि मग पायाची सूज कामाच्याच खात्यावर लिहिली जाते.

सिकलसेलचाही विचार हवा. विदर्भात आपल्या समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यामुळेही गुठळीचा धोका वाढतो. रुग्णाजवळ सिकलसेलचे कार्ड असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावे.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत आणखी एक घोटाळा होतो. येथे हत्तीपाय पूर्वीपासून आहे, म्हणून सुजलेला पाय म्हणजे हत्तीपायच असे धरून चालतात. आमच्या परिचयातील एका सुनेचा डावा पाय बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी सुजला. जवळच्या दवाखान्यात हत्तीपायाच्या गोळ्या मिळाल्या. सासूबाईंनी मायेपोटी दोन्ही वेळा पाय चोळून दिला. पाचव्या दिवशी सुनेला एकाएकी धाप लागली आणि छातीत कळ आली. गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला होता. मोठ्या इस्पितळात वेळेवर पोहोचली म्हणून ती वाचली. हत्तीपाय बहुधा ताप आणि जांघेतल्या गाठींसह पुन्हा पुन्हा उचल खातो आणि वर्षानुवर्षे वाढत जातो. तो चार दिवसांत मांडीपर्यंत चढत नाही. फरक लक्षात ठेवावा.

मग करायचे काय? पाय चोळू नये, त्याच दिवशी इस्पितळात जावे आणि पायाची डॉपलर सोनोग्राफी होईल का, असे विचारावे. तिने दुखत नाही. धाप, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर असेल तर १०८ ला फोन करावा. आणखी एक मेख अशी की पायाच्या डॉपलरमध्ये ओटीपोटातली शीर नीट दिसेलच असे नाही. गुठळी जांघेपर्यंत असेल किंवा डाव्याच पायात पुन्हा झाली असेल, तर वरची शीर दबली आहे काय, सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून ती पाहता येईल काय, हे विचारायला लाजू नये. आपल्या बायाबापड्या ओपीडीत मान खाली घालून उभ्या राहतात; सोबत जाणाऱ्याने तरी प्रश्न विचारावा.

उपचारात आधी बहुधा इंजेक्शने आणि मग रक्त न गोठण्याच्या गोळ्या असतात, त्या निदान तीन महिने. सूज उतरली म्हणून गोळ्या मध्येच सोडणारे आम्ही बरेच पाहिले आहेत. वॉरफेरिन चालू असेल तर पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी चुकवू नये. या गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो, तेव्हा पुन्हा दिवस गेल्याची शंका आली तर लगेच सांगावे. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र ती चालते. काहींच्या दबलेल्या शिरेत, हृदयाच्या अँजिओप्लास्टीत घालतात तशी, जाळी घालावी लागते. ते महागडे काम आहे. महात्मा फुले योजनेत बसते का, हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडून आधी कळून घ्यावे.

ज्या भगिनीला एकदा अशी गुठळी झाली तिने माला-डी, माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. त्यांतील एका संप्रेरकाने गुठळीचा धोका वाढतो. तिच्यासाठी तांबीचा पर्याय आहे. आशाताईला गुठळीची हकीकत सांगून तो विचारावा आणि जुना केसपेपर सोबत न्यावा.