एक पंगत, वेगवेगळ्या जिभा

वसतिगृहाच्या पंगतीत एकाच पातेल्यातील कोबीची भाजी सर्व ताटांत वाढली जाते. एक विद्यार्थी ती आवडीने खातो. शेजारचा ‘कडू लागते’ म्हणून बाजूला सारतो. आम्ही त्यास हट्टी म्हणतो. परंतु दोघेही खरे बोलत असू शकतात.

जिभेवरील स्वादकलिकांत पेशींचे पुंजके असतात आणि त्या पेशींवर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. सांगलीचा गूळ असो वा साताऱ्याचा कंदी पेढा, त्यातील साखर टी१आर२ व टी१आर३ या जोडग्राहीशी जुळली की पेशीतील कॅल्शियम वाढते आणि चेतातंतूंमार्फत गोडीचा संदेश मेंदूस पोचतो. कडू चवीसाठी मनुष्याजवळ सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत. कारण वनस्पतींतील विषे नाना प्रकारची असून त्यांतील अनेक कडू असतात. गोडी ऊर्जेची ओळख पटविते, कडवटपणा सावध करतो.

ग्राही नसेल तर चवही नसते. मांजराचे टी१आर२चे जनुक निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. पेढा समोर ठेवला तरी त्याला त्याची गोडी कळत नाही.

माणसामाणसांतही असा भेद आहे. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत फेनिलथायोकार्बामाइडची भुकटी उडाली. सहकाऱ्यास ती कडू लागली, फॉक्स यांना बेचव. या भेदामागील टीएएस२आर३८ हे जनुक २००३ मध्ये सापडले. कोबी, मुळा, मोहरी यांच्या कुळातील काही द्रव्यांनाही हाच ग्राही ओळखतो.

हा भेद जगातील बहुतेक मानवसमूहांत आढळतो. सख्ख्या भावंडांतही असू शकतो. म्हणजे जिभा निराळ्या असतात, पण त्या जातीनुसार नव्हे. आपल्या समाजाने मात्र जन्म पाहून पंगती वेगळ्या केल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू करून त्यांना एकत्र जेवावयास बसविले, त्याचे मोल येथे कळते.

अन्न टाकू नये, हे आम्ही शिकवावेच. परंतु ‘कडू लागते’ म्हणणाऱ्या मुलास रागावण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि त्याच्या ताटात भाजी थोडी कमी वाढावी. पंगत मात्र एकच असावी.