'लॉयल्टी' : एका जहाजाचे तीन धनी

५ एप्रिल म्हणजे राष्ट्रीय सागरी दिन. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं हे उत्तर पाठ असतं. पण हाच दिवस का, असं विचारलं की गाडी अडते. त्यामागे एका जहाजाची गोष्ट आहे. त्याला एकामागून एक तीन धनी मिळाले, आणि धनी बदलला तसं त्याचं कामही बदललं.

पहिला धनी कॅनडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी. इंग्लंडमधल्या बॅरो इथं बांधलेलं हे सुमारे ५,९०० टनांचं जहाज १८९१ साली प्रवासाला निघालं. नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. नावात हिंदुस्थान असला तरी त्याची नेहमीची वाट हाँगकाँग, जपान आणि कॅनडातलं व्हँकुव्हर अशी होती. ब्रिटिश साम्राज्याचं टपाल, प्रवासी आणि माल ते नेत असे. दोन दशकांनी याच कंपनीची मोठी, वेगवान जहाजं आली आणि ही सम्राज्ञी म्हातारी ठरली.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी हे जहाज विकत घेऊन जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचं तरंगतं इस्पितळ केलं. नवं नाव ठेवलं 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा.

युद्ध संपल्यावर तिसरे धनी आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी. त्यांनी जहाज घेतलं आणि कंपनीला शिंद्यांचंच नाव दिलं, 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं.

यात एवढं मोठं काय? आपल्या धारवाड भागातल्या कापसाचंच बघा. पिकवायचा इथल्या शेतकऱ्यानं, पण परदेशी न्यायचा तर जहाज ब्रिटिशांचं आणि भाडंही तेच ठरवणार. ही मक्तेदारी मोडायचा प्रयत्न त्याआधी तुतिकोरिनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली कंपनी काढून केला होता. पण १९०८ साली त्यांना अटक झाली आणि पुढं कंपनीही बुडाली.

'लॉयल्टी'लाही यश मिळालं नाही. जहाज जुनं, दुरुस्तीचा खर्च मोठा. १९२१ मध्ये ते उभं करून ठेवावं लागलं आणि १९२३ मध्ये मुंबईत मोडीत निघालं. दुसरीकडं ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडून 'सिंदिया'ला जेरीस आणलं. शेवटी १९२३ साली करार करून कंपनीला मुख्यतः किनाऱ्यावरच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं.

पण कंपनी टिकली. विशाखापट्टणमला तिनं जहाजबांधणीचा कारखाना उभारला. तिथं बांधलेलं 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. तोवर देश स्वतंत्र झाला होता. १९६४ पासून ५ एप्रिल हा सागरी दिन म्हणून पाळला जातो.

हिशेबाच्या वहीत 'लॉयल्टी' हा तोट्याचाच सौदा. पण तो कुणीतरी केला म्हणून पुढची जहाजं आली. आणि गंमत बघा, साम्राज्याची मक्तेदारी मोडायला निघालेल्या जहाजाचं नाव होतं राजनिष्ठा!