घरातील वेली (लेखांक सातवा) : मनीप्लांटचे न येणारे फूल

कुंडी बदलण्याची रीत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु रत्नागिरीच्या एका वाचक भगिनींच्या पत्रातील पृच्छा इतकी मूलगामी आहे, की तो विषय एका आठवड्यापुरता तहकूब ठेवणेच मला इष्ट वाटते. त्यांच्या दिवाणखान्यातल्या मनीप्लांटची पाने तळहाताहून मोठी होत नाहीत, परसातल्या आंब्यावर चढलेल्या त्याच वेलीची पाने मात्र सुपाएवढी होऊन कडांना फाटू लागली आहेत, आणि फूल दोहोंपैकी एकीलाही कधी आलेले नाही. तेव्हा खत कमी पडते काय, अशी त्यांची विचारणा आहे.

खताचा यात काडीमात्र संबंध नाही. फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरची ही वेल अळू आणि सुरण यांच्याच कुळातली (तिचे पान चघळले असता तोंडाची जी आग होते तीही त्यांच्यातल्याप्रमाणेच सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, म्हणून रांगत्या मुलांच्या व मांजरांच्या आटोक्यात ती ठेवू नये), आणि या कुळातील प्रजाती ठरवताना फुलाची साक्ष फार मोलाची असते. ती साक्षच उपलब्ध नसल्याने १८८० साली पोथॉस म्हणून शास्त्राच्या दफ्तरी दाखल झालेली ही वेल १९०८ मध्ये स्किंडॅप्सस ठरली, आणि अखेर फूल तपासावयास मिळाल्यानंतर १९६४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ बंटिंग यांनी तिला एपिप्रेम्नम या प्रजातीत नेले. आपण होऊन फुललेल्या वेलीची अखेरची ज्ञात नोंदही त्याच सालची आहे. वेल न फुलण्याचे कारण २०१६ च्या एका संशोधनात उलगडले : पुष्पधारणेला आवश्यक असे जिबरेलिन नावाचे संप्रेरक सिद्ध करणाऱ्या साखळीतील एक जनुक या वेलीत कार्यच करीत नाही, बाहेरून ते संप्रेरक फवारताच वेलीला कळ्या आल्या. फुलावाचून बी नाही आणि बीवाचूनही ही वेल घरोघर पोहोचली, ती केवळ पेरांच्या बळावर. म्हणूनच कलम करताना निदान एक पेर तुकड्यावर राहिले पाहिजे. पेराविना नुसते पान पाण्यात ठेवल्यास त्याला क्वचित मुळे फुटतील, वेल फुटणार नाही.

पानांच्या आकाराची कैफियत मात्र निराळी आहे, आणि तिथे आपला इलाज चालतो. ही वेल जोवर आधाराला बिलगून वर चढते तोवर तिचे प्रत्येक नवे पान मागच्याहून मोठे होत जाते, आणि शिंक्यातून खाली लोंबू लागली की पाने लहान व पेरांमधील अंतर लांब होत जाते. लोंबती वेल शोभिवंत दिसते हे मला मान्य आहे. तथापि तिचे खरे वैभव चढण्यातच आहे, असे माझे अनेक वर्षांच्या सहवासानंतरचे निश्चित मत आहे. पूर्वेच्या खिडकीशी, जिथे उजेड भरपूर पण दुपारचे ऊन नाही अशा जागी कुंडी ठेवावी, काथ्या घट्ट गुंडाळलेली जाडशी काठी तळापर्यंत रोवावी आणि पेरे काथ्याला टेकतील अशा बेताने वेल सुतळीने सैल बांधावी. काथ्या नित्य ओलसर राखण्यात हयगय करू नये, कारण कोरड्या काठीत हवाई मुळे शिरत नाहीत. मुळांनी काथ्यात घट्ट पकड घेतल्याची खातरजमा झाली, की सुतळी कापून काढावी.