घोयऱ्याचं पोट

सकाळी 6. चहाच्या आधी मी मागच्या खोलीत जातो आणि पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद बघतो. कोरा. वर जास्वंदीच्या फांदीवर घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, शेपटीची गुंडाळी करून झोपलाय. रंग फिका, पांढुरका हिरवा. दिवा लावायचा नाही, फांदी हलवायची नाही. पारोळ्याला जानेवारीत पहाटे पारा 10-11 अंशांवर येतो. खोलीत त्याहून थोडं बरं, तरी इतक्या गारठ्यात त्याच्या पोटाचं काम जवळजवळ बंदच असतं. काल आतड्यात जे जिथे होतं ते आजही तिथेच असणार. उन्हं येईपर्यंत करण्यासारखं काही नाही. गुरांच्या डॉक्टरला हे पचायला जरा जड जातं.

सव्वासात. फोन. ‘डॉक्टरसाहेब, गाय फुगी गई, बिगीबिगी या.’ दवानं ओली लसूणघास उपाशी पोटी भरपूर खाल्लेली. डावी कूस ताठ, श्वास उथळ. पुढचे पाय उंचवट्यावर घेतले, तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधली, पोटात नळी घालून गोडेतेल सोडलं. थोड्या वेळात ढेकर यायला लागले आणि गोठ्यातले सगळे एकदम बोलायला लागले. गायीच्या बाबतीत हे बरं असतं. शंभर-सव्वाशे लिटरचं पोट, आतली उष्णता 39 अंशांच्या आसपास, बारा महिने तशीच. काही बिघडलं की हात घालायचा आणि फरक डोळ्यांसमोर बघायचा. घोयऱ्याची ऊब उसनी. ती सूर्याकडून यायची, मग पचन. तिथे हात घालणारा बहुधा बिघडवतोच.

9. उन्हं गच्चीवर पुरती आली की पिंजरा वर. लाकडी चौकटीला शेडनेटची जाळी ठोकून तो बनवलाय, काच कुठेही नाही. काचेतून ऊन दिसतं, पण अतिनील किरणांतला कामाचा भाग काच अडवते. तो मिळाला नाही तर अंगात ड-जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम लागू पडत नाही. हाडं मऊ पडतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आतड्याच्या स्नायूंनाही आकुंचनासाठी तेच कॅल्शियम लागतं, हे विसरलं जातं. घोयरा हळूहळू फांदीच्या टोकाला येतो, अंग चपटं करतो, कूस सूर्याकडे वळवतो आणि काळपट होतो. बघणाऱ्यांना वाटतं रागावला. घाबरला तरी तो काळवंडतोच, पण सकाळचा हा गडद रंग ऊन पिण्यासाठी असतो.

हा आला कसा, तेही सांगतो. धुळ्याच्या बाजूच्या एका गावात एका शाळकरी पोरानं बांधावरच्या बोरीवरून तो धरला. मोबाइलवर परदेशी शॅमेलिऑनचे व्हिडिओ बघून आपणही पाळावा असं त्याला वाटलं. खोक्यात मऊ बिछाना हवा म्हणून घरचा कापूस अंथरला आणि त्यावर नाकतोडे सोडले. घोयऱ्याची जीभ अंगाहून लांब, आणि तिच्या टोकाचा चिकट स्राव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे 400 पट घट्ट असतो, असं 2016 साली बेल्जियम आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी मोजलं. अशी जीभ नाकतोड्यावर आदळली की त्याच्याबरोबर कापसाचे तंतूही तोंडात जाणारच. शिवाय प्यायला वाटीत पाणी ठेवलेलं. घोयरा वाटीतलं पाणी सहसा ओळखतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. म्हणजे पोटात कापूस आणि अंगात पाणी नाही.

साडेदहा. म्हणून हा फवारा. कुंड्यांसाठी मिळतो तो छोटा हातपंप, पण कोरा घेतलेला. शेतावर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी इथे चालणार नाही. कोमट पाणी, बारीक तुषार, थेट अंगावर नाही, पानांवर. सुरुवातीला तो दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवत नुसता बसतो. धीर धरून फवारत राहिलं की एक थेंब चाटतो, मग दुसरा. हेच औषध. खाली बसलेल्या आईचं मत वेगळं आहे: ‘अरे, एरंडेलाचं बोट चाटव त्याला, मोकळा होईल.’ गाठ घट्ट अडकलेली असताना आतड्याला असा रेटा दिला तर ते फाटू शकतं. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची श्वासनलिका तोंडात बरीच पुढे उघडते. घाईनं पाजलेलं तेल पोटाऐवजी फुप्फुसात जायचं. आईला एवढं सगळं सांगत नाही. ‘बघू’ म्हणतो.

साडेअकरा. वजन. गुरांच्या काट्यावर याचं काही कळणार नाही, म्हणून जळगावच्या सराफ बाजारात वापरतात तसला खिशातला काटा घेतलाय. घोयऱ्याला फांदीसकट ठेवायचं, मग फांदीचं वजन वजा. आज 38.4 ग्रॅम. कालच्यापेक्षा किंचित जास्त. ते पाणी असेल. पोटाला बोट फार हळू लावलं: मागच्या बाजूला गाठ आहे, पण सरकलेली वाटते. धुळ्याला कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेत कापूस दिसला नव्हता, दिसत नाहीच. पण हाडं बरी आहेत आणि पोटात अंडी नाहीत एवढं कळलं. मादी अंड्यांनी अडली तरी अशीच कुंथते, म्हणून ती शंका आधी काढून टाकायला हवी होती.

12. एक रेशीमअळी, मऊ आणि पाणीदार. तुतीची लागवड केलेल्या एका शेतकऱ्याकडून आणतो. खानदेशात नाकतोड्यांना तोटा नाही, पण कपाशी आणि केळीच्या पट्ट्यात कोणत्या बांधावर काल काय फवारलं, याची खात्री कोण देणार? जेवण दुपारीच. संध्याकाळी दिलं तर रात्रीच्या थंडीत ते न पचता पोटात सडायला लागतं.

दुपारी 1 नंतर अर्ध्या पिंजऱ्यावर गोणपाट. ऊन हवं तसं सावलीही हवी, निवड त्याची. मे महिन्यात इथे 45 अंश होतं, तेव्हा सगळं उलटं करावं लागेल. तोवर तो इथे नसावा.

2 ते 4. दोन गावं, एक लसीकरण, एका शेळीचा खूर. यात सांगण्यासारखं काही नाही.

सव्वाचार. गच्चीवर आलो तर कागदावर आहे! तपकिरी, कडक, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि चिमट्यानं उकललं तर आत कापसाचा पीळ. शेजारी मूत्रक्षाराचा गोळा. तो पांढरा असायला हवा. हा नारिंगी आहे, म्हणजे पाणी अजून कमीच पडतंय. गुदद्वार तपासलं. जोर करून आतडं बाहेर आलेलं नाही. आलं असतं तर ते ओलं ठेवून ताबडतोब धुळं गाठावं लागलं असतं. फोटो काढला, वेळ लिहिली, कागद बदलला. त्यानंतर घोयऱ्याला हात लावला नाही. आनंदानं त्याला उचलून घ्यावंसं वाटतं, आणि नेमकं त्यानंच त्याचं बिनसतं.

साडेपाच. पुन्हा फवारा, थोडाच. अंधाराआधी पानं सुकली पाहिजेत, मग पिंजरा खाली.

7. सकाळच्या गायवाल्याचा फोन. गाय रवंथ करतेय. मग स्वतःच विचारतो, ‘मंग, हागना का तुमना घोयरा?’ हो म्हटल्यावर पलीकडून मोठ्यानं हसू येतं आणि बातमी गोठ्यातल्या सगळ्यांना तिथल्या तिथे सांगितली जाते. याच माणसानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ‘इशारी जनावर घरमा कसाले?’ म्हणून विचारलं होतं. घोयऱ्याला विष नसतं. तरी विषारी समजून कितीतरी घोयरे मारले जातात.

8. वनरक्षकाचा फोन. घोयरा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तो घरी पाळता येत नाही. माझ्याकडेही आहे तो वन विभागाच्या नोंदीनं, उपचारापुरता. त्या पोरानं 1926 या वन विभागाच्या क्रमांकावर स्वतः फोन केला होता, आणि मला ते पाळण्याच्या हौसेपेक्षा मोठं वाटतं. परदेशी जातींचं वेगळं: 2024च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पण नोंदणीनं त्यांचंही पोट साफ होत नाही.

‘सोडायचा कधी?’ वनरक्षक विचारतो. मूत्रक्षार पांढरा दिसला पाहिजे, शी कापसाशिवाय झाली पाहिजे, आणि त्यानं स्वतःहून जीभ टाकून किडा धरला पाहिजे. सोडायचा तो त्याच बांधावर, त्याच बोरीच्या आसपास, सकाळी ऊन आल्यावर. आजूबाजूला फवारणी चालू नाही ना, ते आधी बघायला वनरक्षकाला सांगितलं. त्यानं विचारलं, पोराला बोलावू का. म्हटलं, बोलाव, पण पिंजऱ्याचं दार तूच उघडायचं.