शनिवार तेल्यांची गोष्ट (लेखांक ९) : सिद्कीयाची शपथ

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. अष्टमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावं आपल्या वाचकांना आता ओळखीची झाली असतील. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे बेने इस्रायली तेली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना हिब्रूतली ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी पाठ होती. संदेष्ट्यांचे ग्रंथ हाती लागले ते १९ व्या शतकात, आणि बरेचसे मिशनऱ्यांच्या मराठी बायबलातून. यहुदी संदेष्ट्यांची इथल्या यहुद्यांशी गाठ घालून दिली ती ख्रिस्ती पाद्र्यांनी, गंमतच आहे. पुढे हेच विषय बेने इस्रायलींच्या मराठी कीर्तनांत आले. तिथल्या पहिल्या पिढीतल्या कीर्तनकारांत एक अष्टमकरच होते, बेंजामिन शिमशोन अष्टमकर.

खोट्या शपथेचं फळ काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बेलभंडार उचलून खोटं बोललेल्याचा निर्वंश होतो, असं गावोगाव मानत. मराठेशाहीत तापल्या तेलातून रवा काढायचं दिव्य करवत. हात भाजला की तो खोटा. संदेष्टेही याच सुरात बोलतात. यहेज्केल मात्र भलतीकडेच वळतो.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने सिद्कीयाला यरुशलेमच्या गादीवर बसवलं आणि इमानाची शपथ घ्यायला लावली, तीही सिद्कीयाच्याच देवाच्या नावाने. काही वर्षांनी सिद्कीयाने बंड केलं, मिसरकडे घोडे आणि सैन्य मागितलं. मांडलिकाने परक्याचं जोखड झुगारलं, यात पाप कसलं? आपण तर त्याचा पोवाडाच रचला असता. यहेज्केल १७ व्या अध्यायात दोन गरुड आणि एका द्राक्षवेलीचं कोडं घालतो आणि देवाच्या तोंडून ऐकवतो की मोडली ती ‘माझी’ शपथ. समोरचा जुलमी, मूर्तिपूजक, सगळं खरं. पण ज्याच्या नावाने शब्द दिला, शब्द त्याचा. सिद्कीया यरीहोच्या मैदानात सापडला. त्याच्या देखत मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले. त्याने शेवटचं पाहिलं ते एवढंच.

जखऱ्या संदेष्ट्याचा दृष्टान्त मला जास्त घरगुती वाटतो. २० हात लांब, १० हात रुंद अशी एक गुंडाळी आकाशातून उडत येते, म्हणजे ३० फूट बाय १५, एखाद्या घराच्या ओटी-माजघराएवढी. चोराच्या आणि देवाच्या नावाने खोटी शपथ वाहणाऱ्याच्या घरात ती शिरते, मुक्काम करते आणि घर खाऊन टाकते, लाकडांसकट, दगडांसकट. वाशांना वाळवी लागलेली पेण-रोह्यात सगळ्यांनी पाहिली आहे. दगड खाणारी वाळवी कोकणातही ऐकिवात नाही.

मग कोल निद्रेचं काय? योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनाच्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये आधी हेच म्हणतात: आमचे नवस, आमच्या शपथा रद्द समजाव्यात. युरोपात यावरून शतकानुशतकं यहुद्यांना ‘यांच्या शपथेवर विसंबू नका’ म्हणून हिणवलं गेलं. आरोप खोटा होता. रद्द होतात त्या माणसाने स्वतःपुरत्या देवाशी केलेल्या शपथा. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द त्यात येत नाही. मिश्ना हा यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह तर म्हणतो की शेजाऱ्याचा अपराध त्या दिवसाच्या उपासाने धुतला जात नाही, आधी त्याची समजूत काढावी लागते.

आपल्या तेल्यांकडे या दिवसाचं जुनं नाव दारफाळणीचा सण. पांढरे कपडे, कडक उपास, दारं लावलेली आणि बाहेरच्याशी बोलणं बंद. शेजारी आगरी असो, मुसलमान असो की ब्राह्मण, कुणाशी काही मिटवायचं असेल तर ते दार लावायच्या आत.

दारं पुन्हा उघडली की दुसरा दिवस शिळा सण. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.